ट्रॅपसाठी सेकंडहँड बारा बोअर दुनळी : काय बघून घ्यावी?

शिवारकर

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात. घरी वडिलांच्या लायसन्सवर एकनळी आहे. त्यांचं वय ७२, लायसन्स माझ्या नावावर करून घ्यायचं चाललंय. एकनळी काढून तिच्या जागी जुनी पण धड अशी बारा बोअर दुनळी घ्यावी म्हणतो. वापर मोजकाच : वर्षातून चार-पाच वेळा रेंजवर मातीची कबुतरं, म्हणजे ट्रॅप : यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायच्या. शिवाय भाताच्या गिरणीवर पारवे फार झालेत, तेही जमलं तर. बजेट ४० ते ४५ हजार. इंग्लिश घ्यावी, इशापूरची घ्यावी की मुंगेरची? नळी किती इंची? चोक कोणता? दुकानात उभं राहून काय तपासायचं, तेही जाणकारांनी सांगावं.

---

संपादक मंडळ

पुढे चर्चा वाढायच्या आधी एक गोष्ट. धागा मातीच्या कबुतरांपुरताच राहील. हरियाल, होले ही सगळी मंडळी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि 'उपद्रवी' प्राण्यांची जुनी अनुसूचीच गेली. त्यामुळे कोणता पारवा चालतो, कोणता चालत नाही, यावर इथे खल नको. बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

गिरणीवर तर बंदुकीचं कामच नाही. छर्रा पत्र्यातून आरपार जातो, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी भातावर गळतं, आणि शिसं धान्यात पडतं ते वेगळंच. छपराच्या कडेच्या फटी ५० मिमीच्या नायलॉन जाळीने बंद करा. जाळी ताणून, तारेला बांधून लावा. सैल राहिली की पारवे तिच्यावरच बसतात. आणि सांडलेला दाणा संध्याकाळच्या आत झाडा.

---

कागदपत्र_अण्णा

शिवारकर, आधी कागद, मग बंदूक. बरीच मंडळी उलटं करतात आणि बयाणा अडकवून बसतात.

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची वेगळी सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. तुमचे वडील ७२ चे, म्हणजे मार्ग मोकळा आहे. पण हे लायसन्स 'त्या' बंदुकीसाठी मिळतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी एकनळी तुमच्या नावावर, मग ती विकण्याची आणि दुसरी घेण्याची परवानगी, मग खरेदी. दोन्ही ठेवायच्या असतील तरी हरकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. लायसन्सची मुदतही आता तीनऐवजी पाच वर्षांची आहे.

बेळगाव शहराच्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा अर्ज आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्याचा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. तुमचा डीसी ऑफिसला. अर्जाबरोबर सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि घरी कुलपात ठेवण्याची हमी लागते. यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख नंबर, पडला की नाही ते आत्ताच बघा. जुन्या पुस्तकी लायसन्सवर तो नसेल तर सगळं तिथेच अडतं.

खानापूरवाल्यांसाठी एक खास कलम. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवं लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि आधीपासून लायसन्स असणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. वन्यजीव कायद्याचं कलम ३४. भीमगड अभयारण्य जवळ आहे, तेव्हा तुमचं गाव त्या दहा किलोमीटरमध्ये येतं का ते आधी काढा. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला कलम ३१ ने बंदी आहे, भरलेलं असो वा रिकामं. जांबोटी-कणकुंबीकडच्या आडवाटा धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि पारावर कुणीतरी हमखास सांगतो, 'कर्नाटकात शेतकऱ्याला लायसन्स लागत नाही.' ती सूट कोडगूतल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना. आपला तिच्याशी संबंध नाही.

---

चंदगडी

अण्णांच्या यादीत एक जोडतो, कारण आपल्या भागात लोक तिथेच फसतात. लायसन्सवरचा 'क्षेत्र' हा रकाना वाचा. 'कर्नाटक राज्य' लिहिलं असेल तर शिनोळी ओलांडली किंवा कोगनोळीचा नाका पार केला की तुमच्या हातातली बंदूक बिनपरवाना. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे, शेत चंदगड तालुक्यात आणि घर बेळगावात, हे आपल्याला रोजचं आहे, कायद्याला नाही. कोल्हापूरच्या दुकानातली बंदूक आवडली किंवा महाराष्ट्रातल्या रेंजवर जायचं ठरलं, तर आधी क्षेत्र वाढवून घ्या. पीकसंरक्षणाचं लायसन्स असेल तर ते ठरलेल्या शिवारापुरतंच असतं, त्यावर रेंजवर जाता येणार नाही. वडिलांचं नक्की कोणतं आहे ते बघा.

---

जुनी_दुनळी

आता बंदुकीकडे वळू.

तुमच्या बजेटात तीन प्रकार दिसतील. इशापूरची सरकारी दुनळी, मुंगेर किंवा जम्मूच्या खासगी कारखान्यांची, आणि जुनी विलायती, म्हणजे बर्मिंगहॅम किंवा बेल्जियमची. रशियन बायकलची वरखाली नळीवाली मिळाली तर ट्रॅपला फार छान, पण ती या पैशांत बसणं कठीण. आयात बंद होऊन चाळीसेक वर्षं होत आली, त्यामुळे चांगल्या विलायती मालाचे भाव बंदुकीचे नसून दुर्मिळतेचे असतात.

माझं मत सरळ आहे. नाव विकत घेऊ नका, नळी आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) विकत घ्या. इशापूरची बोजड आहे, लाकूड साधं, कोरीवकाम नाही. पण ७० मिमी चेंबर, सुटे भाग मिळतात, आणि आज बाजारात जी काडतुसं आहेत त्यांच्याचसाठी ती बनलेली. मुंगेरच्या मालात एकसारखेपणा नसतो. एक उत्तम निघते, शेजारची तिच्याच वयाची हलायला लागलेली असते. बघून, मोजून घ्यावी.

१६ बोअर कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा. काडतूस शोधण्यातच हौस संपेल.

नळी २८ किंवा ३० इंची. ट्रॅपला ३० बरी, झोक लांब आणि सलग राहतो. २६ इंची हलकी पडते, हात मध्येच थांबतो. नळी मुळात जेवढी होती तेवढीच आहे ना, हेही बघा. दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये पट्टी नीट भरलेली नसेल, पोकळ दिसत असेल किंवा माशी (नेम धरायचा तोंडावरचा मणी) भलत्याच जागी असेल, तर नळी कापलेली आहे. कापताना चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला भाग, जातो. आणि नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, तो तुमच्या गळ्यात पडायचा.

वजन. ग्रीनर या इंग्रज बंदूककाराचा जुना ठोकताळा : बंदूक छर्र्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. २८ ग्रॅमला २.७ किलो, ३६ ग्रॅमला साडेतीन किलोच्या आसपास. ट्रॅपला २४ किंवा २८ ग्रॅमच उडवायचे, म्हणून तीन-सव्वातीन किलोची दुनळी खांद्याला गोड लागते. एकाच वेळी पंचवीस-पन्नास बार काढायचे असतात, शेतात रानडुकराला हुसकावायला एक बार काढण्यासारखं ते नाही.

---

निपाणीकर

दुनळीदादा, विलायतीवर जरा अन्याय होतोय. एखादी साधी, नाव नसलेली बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक (घोडे आत पेटीत असलेली दुनळी) आजही इशापूरच्या दुप्पट सफाईने उघडते, आणि हातात घेतली की बघायचं तिकडेच रोखली जाते. लायसन्सधारक वारला की घरची मंडळी बंदूक डीलरकडे जमा करतात. त्या वर्षानुवर्षं पडून असतात, आणि वारस मिळेल त्या भावात द्यायला तयार असतात. अशा जमा बंदुकांतच खरा माल असतो. फक्त जमा केल्याची पावती, वारसांची संमती आणि नंबर जुळणं, एवढं डीलरकडून लेखी घ्या.

थेट माणसाकडून घ्यायची असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. 'कागद नंतर करू' म्हणणाऱ्याकडे चहासुद्धा घेऊ नका.

---

जुनी_दुनळी

निपाणीकर, सफाई मान्य. पण त्या बॉक्सलॉकचं चेंबर किती मिमीचं असतं तेही सांगा की.

---

उद्यमबाग_लेथ

त्याचंच सांगतो, कारण या धाग्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी. काडतुसावर ७० लिहिलेलं असतं ती लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची. तोंड दुमडलेलं असताना तेच काडतूस जेमतेम ५८-६० मिमी भरतं. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात मुकाट बसतं, बंदूक बंद होते, काही अडत नाही. बार काढला की दुमड उलगडते आणि चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते. वाट अरुंद होते, दाब वाढतो. एखाद्या बाराला काही होत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं चालतं. पण दर बाराला बिजागरीची पिन आणि कुलपाचे दात मार खातात आणि वर्ष-दोन वर्षांत बंदूक खिळखिळी होते. नळी आधीच पातळ असेल तर प्रकरण तिथवर थांबत नाही.

मोजायचं कसं? २०.२ मिमी व्यासाचा नायलॉनचा प्लग टर्न करून घ्या, त्यावर ६५ आणि ७० ला रेघ मारा. रिकाम्या नळीत मागून हलकेच सोडा. निमुळत्या भागावर थांबला की कोणती रेघ काठाशी आली ते बघा. एखादा मिमी इकडेतिकडे चालेल, ६५ आणि ७० मधला फरक लपत नाही. प्लग करून द्यायला उद्यमबागेत, आपल्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कुणीही दहा मिनिटं देईल.

दुसरं माप बोअरचं. बारा बोअरचा नाममात्र व्यास .७२९ इंच, म्हणजे १८.५ मिमी. डायल बोअर गेज आपल्याकडे दर दुसऱ्या शॉपमध्ये आहे, फक्त लांब दांड्याचा बघा, कारण माप चेंबरकडच्या टोकापासून ९ इंचांवर घ्यायचं असतं. तिथे साधा गेज पोचत नाही. विलायती बंदुकीवर नळीच्या तळाशी बोअरचं माप ठोकलेलं असतं. आजचं माप त्याहून १० थाउ, म्हणजे पाव मिलिमीटर वाढलं असेल, तर ती बंदूक ब्रिटिश नियमाने प्रूफबाहेर गेली, म्हणजे तिची अधिकृत दाब-चाचणी आता लागू नाही. बोअर मोठं कसं होतं? गंजाचे खड्डे घालवायला कुणीतरी आतून घासलेलं असतं. म्हणजे आरशासारखी चकाकणारी नळी बघून भुलू नका, चकाकी हीच कधीकधी तक्रार असते.

नळीची भिंत शक्यतो कुठेही २० थाउच्या, म्हणजे अर्ध्या मिमीच्या खाली नको. मधल्या भागात ती सगळ्यात पातळ असते.

महत्त्वाचं : गेज दुकानात न्यायचा, बंदूक शॉपमध्ये आणायची नाही. लेथवाल्याकडे शस्त्रदुरुस्तीचं लायसन्स नसतं. 'फक्त एक पिन करून दे' म्हणत त्याला गुन्ह्यात ओढू नका. पिन असो की स्प्रिंग, काम परवानाधारक गनस्मिथचंच.

---

जुनी_दुनळी

मापं झाली. आता दुकानात उभं राहून हाताने तपासायचं.

बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, आधी रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, दुकानदार 'रिकामीच आहे' म्हणाला तरी. मग पुढचं लाकूड काढून टाका. हे लाकूड आपल्या स्प्रिंगने नळ्या मागे दाबून धरतं आणि हल झाकतं. लाकडाशिवाय बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरा आणि नळ्या वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. बारीक 'टक' जरी आली तरी बिजागरी झिजलेली. नंतर पतंगाच्या कागदाची पट्टी नळ्यांच्या मागच्या तोंडात ठेवून बंदूक बंद करा. पट्टी ओढल्यावर सहज सरकली तर फट आहे. उजेडाकडे धरून फट दिसत असेल तर तिथेच विषय संपला.

वरचा खटका बंद अवस्थेत कुठे थांबतो ते बघा. मध्यावर किंवा किंचित उजवीकडे असेल तर कुलपात जीव आहे. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर दात झिजलेत.

नळ्या सुट्या करा, खालच्या हुकाला बोटावर टांगा आणि लाकडी पेन्सिलीने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला पाहिजे. 'ठप्प' आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटलेली आहे. त्या पोकळीत पाणी शिरतं आणि नळी बाहेरून नाही, पट्टीखालून गंजते. आपल्या पावसात हा रोग फार.

मग ट्यूबलाइटकडे बघत नळीतून पाहा. उजेडाची रेघ सलग वाहत गेली पाहिजे. रेघ एका बाजूला दबली तर पोचा. पूर्ण वर्तुळाकार सावलीचं कडं दिसलं तर फुगवटा. हा फरक नीट समजून घ्या. पोचा आतून सारखा करता येतो. फुगवटा म्हणजे धातू ताणला गेला, चिंधी किंवा चिखल अडकलेला असताना कुणीतरी बार काढलाय. फुगवट्याची बंदूक फुकट मिळाली तरी नको. बोटं फिरवूनही कळतं. नळीवर हलकं तेल लावून डोळे मिटून बोटं सरकवा.

नळीच्या बाहेर नागमोडी, वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस. काळ्या दारूच्या जमान्यातली. भिंतीवर टांगा, आजची काडतुसं घालू नका. बेल्जियम बंदुकीवर लंबगोलात ईएलजी आणि बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बीएनपी किंवा एनपी असे शिक्के असतात. बीएनपी हा १९५४ नंतरचा आणि धूरविरहित दारूचा. पण नुसतं ईएलजी म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झाली असं नाही, त्यासाठी पीव्हीचा वेगळा शिक्का लागतो.

चाप स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालूनच ओढा, कोरडा ठोकू नका, काडतुसावर ठोकणारी पिन तुटते. साडेतीन ते चार पौंडांचा ओढ ठीक. त्याहून हलका चाप घेऊ नका. आता घोडे चढवून, स्नॅप कॅप आत ठेवून, सेफ्टी काढून दस्त्याचा तळ रबरी पायपुसण्यावर दोन-चारदा आपटा. घोडा आपोआप पडला तर सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा दात, झिजलेला. डावा चाप ओढताना उजवा पडतो का तेही बघा.

लाकडात भेग शोधायची ती दस्त्याच्या मनगटाशी, धातू लाकडात शिरतो तिथे. तेलाने काळं झालेलं लाकूड तिथे मऊ पडतं, नखाने दाबून कळतं. पितळी पट्टी ठोकून झाकलेली भेग ही दुरुस्ती नव्हे.

---

शिवारकर

एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. चोक राहिला. आणि पंप ॲक्शन का नको? एक ओळखीचे म्हणतात तीच घे.

---

निपाणीकर

चोक म्हणजे तोंडाशी बोअर किती आवळलंय. पूर्ण चोकला सुमारे ४० थाउ, अर्ध्याला २०, पावाला १०. ठोकताळा असा, की ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात पूर्ण चोक ७० टक्के छर्रे टाकतो, अर्धा ६०, सिलिंडर (अजिबात न आवळलेली नळी) ४०. ट्रॅपचं कबूतर तुमच्यापासून दूर पळत असतं, म्हणून पहिल्या नळीला अर्धा आणि दुसरीला पाऊण किंवा पूर्ण. आपल्याकडच्या दुनळ्या बहुधा याच जोडीत मिळतात, म्हणजे ट्रॅपला आयत्याच जुळतात. स्कीट या तबकड्यांच्या दुसऱ्या खेळात कबूतर जवळून उडतं, तिथे हाच चोक घातकी : लागलं तर भुगा, नाहीतर साफ चुकलं.

पंपमध्ये वाईट काही नाही. तिरुचीचा सरकारी पंप दणकट आहे. पण एकच नळी म्हणजे एकच चोक, दुसरा बार काढायला हात मागेपुढे, आणि रेंजवर तुम्ही ती मोडून खांद्यावर टाकू शकत नाही. दुनळी मोडलेली असली की पलीकडच्या माणसालाही दिसतं की ती सुरक्षित आहे. नवख्याला हे फार उपयोगी.

---

उद्यमबाग_लेथ

काडतुसांचं गणित कुणी काढलं नाही, ते मी काढतो. ट्रॅपच्या एका फेरीत २५ कबुतरं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येकावर दोन बार चालतात, म्हणजे एका फेरीला २५ ते ५० काडतुसं. आता लायसन्सवर वर्षाची संख्या किती लिहिलीय ते बघा. १०० असेल तर दोन ते चार फेऱ्यांत वर्ष संपलं. म्हणून अर्ज करतानाच कारणात 'क्रीडा' लिहा, संघटनेचं किंवा क्लबचं सदस्यत्व जोडा आणि संख्या वाढवून मागा. बंदूक आली आणि काडतुसं नाहीत, अशी गत नको.

मातीचं कबूतर ११० मिमी व्यासाचं, साधारण १०५ ग्रॅमचं. त्याला फोडायला बारीक छर्रेच हवेत : साडेसात किंवा आठ नंबर, २४ ग्रॅम. खडकीच्या कारखान्याच्या शक्तिमान काडतुसांमध्ये जाड नंबर दुकानात जास्त सापडतात, कारण गिऱ्हाईक शेतकरी. जाड छर्रा घेतला तर संख्या कमी, मधे भोकं, कबूतर त्यातून निसटतं. डब्यावरची लांबी, छर्र्यांचा नंबर आणि वजन, तिन्ही वाचूनच घ्या. एल.जी., एस.जी. हे मोठ्या छर्र्यांचे प्रकार रेंजवर कुणी उडवू देणार नाही. पोलादी छर्रे जुन्या बंदुकीत अजिबात नकोत, चोकचं तोंड फाटतं.

---

शिवारकर

दोन बघून आलो, गेज आणि प्लग घेऊनच गेलो होतो. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच माप वाचायला लागला.

पहिली : बर्मिंगहॅम, नाव घासलेलं. शिक्के बीएनपी, .७२९, २½". दोन्ही नळ्या आरशासारख्या. बोअर उजवं १८.६२, डावं १८.८३ मिमी. प्लग ६५ च्या रेघेवर थांबला. हल नाही. ३८ हजार.

दुसरी : इशापूर, ३० इंची, वजन सव्वातीन किलो. प्लग ७० वर. बोअर दोन्ही १८.५ च्या आसपास. डाव्या नळीला तोंडापासून आठ इंचांवर पोचा, नखाएवढा. लाकूड काढून हलवली, टक नाही. खटका किंचित उजवीकडे. डाव्या पिनचा ठसा स्नॅप कॅपवर उथळ उमटतो. दस्त्यावर ओरखडे भरपूर. ३२ हजार.

---

उद्यमबाग_लेथ

पहिलीचा निकाल तुमच्याच आकड्यांत आहे. .७२९ म्हणजे १८.५२. त्यात पाव मिमी धरला तर हद्द १८.७७. डावी नळी १८.८३, प्रूफबाहेर. उजवीही घासलेली आहे, फक्त हद्दीच्या आत. शिवाय चेंबर ६५. चकाकीचं कारण हेच.

---

निपाणीकर

मानलं. ही विलायती मीही घेणार नाही.

---

जुनी_दुनळी

दुसरी घ्या, पण भाव पाडून. पोचा आतून मँड्रेलवर (नळीत घालायच्या गोल दांड्यावर) उठतो. काम लहान, मात्र परवानाधारकाकडूनच. त्या जागी बाहेरून कानसलेलं नाही ना ते बघा. पोचा 'सपाट' करायला बाहेरची कड घासली असेल तर भिंत पातळ झालेली असते. उथळ ठसा म्हणजे एक तर पिनचं टोक झिजलंय, नाहीतर स्प्रिंग मेली, नाहीतर आत जुनं तेल डिंकासारखं जमलंय. पिन आणि स्प्रिंग दोन्ही बदलायचं डीलरच्या गळ्यात घाला, आणि पावतीवर लिहून घ्या.

खांद्याला लावून बघा : डोळे मिटून बंदूक उचला, गालाला टेकवा, मग डोळे उघडा. माशी समोर आणि पट्टी थोडीशी दिसायला हवी. पट्टी अजिबात दिसत नसेल तर दस्ता खाली उतरलेला आहे. चढणाऱ्या कबुतरावर तुम्ही कायम खालून माराल. गालाखाली चामड्याची पट्टी बांधून तीन-चार मिमी उंची वाढवता येते, लाकूड तासायची घाई नको.

---

कागदपत्र_अण्णा

घेतल्यावर बंदूक दाखवून लायसन्सवर नंबर चढवून घ्या. नळी, ॲक्शन आणि पुढचं लाकूड, तिन्हींवरचा नंबर एकच आहे ना, तेही पावती फाडण्याआधी बघा.

---

चंदगडी

निवडणुकीचंही बोलू. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायचा हुकूम येतो. तिथे ती पोत्याखाली, भिंतीला टेकून महिना-दोन महिने पडते आणि पावसाळी दिवस असले तर तांबारूनच परत येते. जमा करण्याआधी नळीतून कोरडी चिंधी, मग तेलाची. रंगून तेलाचा पातळ थर बाहेरून. चामड्याच्या पेटीत देऊ नका, चामडं ओल धरतं. पावतीवर नंबर आणि 'पोचे, ओरखडे' यांची नोंद लिहून घ्या, परत आल्यावर नवा पोचा कुणाचा यावर वाद नको.

घरीही तेच. कणकुंबी-जांबोटीकडच्या हवेत बंदूक कापडी खोळीत ठेवली तर आषाढ संपायच्या आत चट्टे पडतात. लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, तोंड खाली करून उभी. म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात न मुरता बाहेर ओघळतं. कागदी नळकांड्याची काडतुसं फुगतात आणि चेंबरात अर्धवट अडकतात, ती दाबून बसवू नका, बाजूला काढा. प्लास्टिकची घ्या, आणि डब्यावर खरेदीची तारीख लिहा.

---

शिवारकर

इशापूरची २८ हजारांना ठरली, पिन-स्प्रिंग डीलरकडे. बयाणा मात्र परवानगी हातात आल्यावरच देणार. दरम्यान राज्य संघटनेकडे सदस्यत्वाचा अर्ज टाकतो आणि शॉटगनची रेंज कुठली धरायची तेही त्यांनाच विचारतो. बंदूक आली की पहिल्यांदा कागदावर बार काढून बघू का?

---

निपाणीकर

हो, रेंजवर. ४० यार्डांवर चार फूट चौकोनी कागद, मध्ये ठिपका. प्रत्येक नळीचे तीन-तीन बार, दर वेळी नवा कागद, तुम्ही ज्या काडतुसाने खेळणार त्यानेच. दाट भाग ठिपक्याच्या कोणत्या बाजूला पडतो ते पेन्सिलीने वेढा. दोन्ही नळ्यांची वर्तुळं एकमेकांवर आली तर बंदूक ठीक. डावी नळी सहा इंच बाजूला मारत असेल तर पोचा नीट उठलेला नाही. लगेच गनस्मिथकडे, पावती घेऊन.

---

जुनी_दुनळी

बार काढण्याआधी प्रत्येक वेळी नळीतून बघा. चिंधीचा तुकडा आत राहिलेला असतो.